संडासला जोर लावला की पांढरं जातं, ती 'धातू' नव्हे

तुमचा प्रश्न सकाळी ओपीडी सुरू व्हायच्या आधी वाचला. इतरांनाही कळावं म्हणून आधी तो थोडक्यात मांडतो. वय २६, यावलकडचं गाव, घरची केळी. तुळशीचं लग्न झालं की तुमचंही लग्न ठरलंय. तीन वर्षांपासून संडासला जोर लावला की लघवीच्या जागेतून पांढरट, चिकट तार येते. होणाऱ्या बायकोशी फोनवर बोलताना कपड्याला पाण्यासारखा डाग पडतो. वीर्य पातळ झालंय असं वाटतं. बाजाराच्या दिवशी तंबू लावणाऱ्या एकाने परीक्षानळीत तुमची लघवी तापवून दाखवली, ती पांढरी झाली, "बघ, धातू चाललीय" (म्हणजे वीर्य गळतंय) म्हणाला आणि पुड्यांचे अठरा हजार घेतले. आता कंबर दुखते, शेतात चक्कर मारली तरी दम लागतो, झोप येत नाही. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, लग्न मोडू का?

लग्न मोडू नका. बाकीचं नीट समजावून सांगतो.

मी जळगावात मूत्ररोगाची प्रॅक्टिस करतो, वीस वर्षांच्या वर झाली. आठवड्यात एक तरी मुलगा दार लोटून आत येतो, सोबतच्या मित्राला बाहेर बसवतो आणि खालच्या आवाजात सांगतो, "डॉक्टर, मनी धातू जाई राहिनी." त्यामुळे तुमचं लिहिणं मला नवं नाही. तरी मी तुम्हाला तपासलेलं नाही, हे आधीच सांगतो. खाली जे लिहितोय ते तुमच्या वर्णनावरून. जळजळ आहे का, ताप येतो का, वृषणात गाठ आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्यातलं काही असेल तर उत्तर बदलतं, तेही पुढे येईलच.

तुम्ही चार वेगवेगळ्या गोष्टी एका दोरीत बांधल्या आहेत. जोर लावल्यावरची तार, फोनवर बोलतानाचं पाणी, तापवलेली लघवी आणि थकवा. तंबूवाल्याने त्या चारांना मिळून 'धातू' हे एकच नाव दिलं. खरं तर चौघांचा उगम वेगळा आहे.

दहावीच्या विज्ञानातली पुरुष प्रजनन संस्थेची आकृती आठवते का? सर ती फळ्यावर काढून "घरी वाचा" म्हणाले असतील. तिच्यात वृषणाशिवाय तीन ग्रंथी होत्या: शुक्राशय, पुरस्थ ग्रंथी आणि काऊपर ग्रंथी. पुरस्थ म्हणजे आपण रोज म्हणतो ती प्रोस्टेट. तुमच्या तक्रारीतला जवळजवळ सगळा द्रव या तीन ठिकाणचा आहे.

तुमच्याकडे ठिबक असणारच, म्हणून त्याच भाषेत सांगतो. विहिरीवरून मेन लाइन निघते. वाटेत व्हेंचुरी असते, टाकीतलं विद्राव्य खत त्यातून ओढलं जाऊन पाण्यात मिसळतं. झाडाच्या बुडाशी पडतं ते सगळंच विहिरीचं पाणी नसतं. इथे फक्त प्रमाण उलटं धरा. वृषणातून शुक्रवाहिनीने येणारा शुक्रपेशींचा भाग एकूण वीर्यात पाचेक टक्के. ६५ ते ७५ टक्के द्रव शुक्राशयांचा, २५ ते ३० टक्के प्रोस्टेटचा आणि काऊपर ग्रंथींचा वाटा जेमतेम टक्काभर. याचा पुरावा गावातच सापडेल. नसबंदी केलेल्या कुणालाही विचारा. नसबंदीत शुक्रवाहिनी बांधतात, म्हणजे वृषणाची लाइन बंद, तरी वीर्य पूर्वीइतकंच येतं. कित्येक जण दोन-तीन महिन्यांनी धावत येतात, "डॉक्टर, ऑपरेशन फेल गेलं, अजून येतंय!" येणारच. टाक्या शाबूत आहेत.

आता ती तार. प्रोस्टेट मूत्राशयाच्या खाली, लघवीच्या नळीला वेढून बसलेली असते, तरुणपणी अक्रोडाएवढी, वीस ग्रॅमच्या आसपास. तिच्या वर, मूत्राशयाच्या पाठीला चिकटून दोन शुक्राशय असतात, प्रत्येकी पाचेक सेंटिमीटरचे, आतून गुंडाळलेल्या नळीसारखे. आणि या सगळ्याच्या लगेच मागे गुदाशय, म्हणजे मळ साठण्याची जागा. मधलं अंतर इतकं कमी की गुदद्वारातून बोट घातलं की दीड-दोन पेरांवर पुढच्या भिंतीतून प्रोस्टेट हाताला लागते. आम्हाला प्रोस्टेटचा द्रव तपासायचा असेल तर आम्ही हेच करतो. बोटाने तिला हलकं दाबलं की नळीच्या तोंडाशी पांढरट थेंब येतो, तो काचपट्टीवर घ्यायचा. तुम्ही जोर लावता तेव्हा कडक मळाचा गोळा नेमकं हेच काम करतो. ग्रंथीत तयार होऊन पडलेला द्रव दाबला जातो आणि बाहेर येतो. गळती नाही, झिजणं नाही.

म्हणजे तुमचा पहिला आजार बद्धकोष्ठता आहे. हे ऐकून तुम्ही निराश व्हाल, सगळेच होतात. अठरा हजारांचा आजार निघावा आणि डॉक्टरने ताक प्यायला सांगावं! पण खरंच सांगतो, पाणी वाढवा, कळण्याची भाकरी आणि हिरवी भाजी रोज असू द्या, गुटखा-सुपारी सोडा, सकाळी ठरलेल्या वेळेला जा आणि कुंथत बसू नका. तरी नाही जमलं तर महिनाभर इसबगोल. माझ्याकडच्या बऱ्याच मुलांची तार एवढ्यावर थांबली. काहींची अधूनमधून येते, त्यांनी तिच्याकडे बघणं सोडलं. दोन्ही चालतं.

फोनवर बोलताना येतं ते पाणी काऊपर ग्रंथींचं. वाटाण्याएवढ्या दोन ग्रंथी, प्रोस्टेटच्या खाली. उत्तेजना आली की त्या आधी काम सुरू करतात. ठिबक सोडण्याआधी तुम्ही लॅटरलचं, म्हणजे ओळीतल्या बारीक नळीचं, टोक उघडून लाइन धुऊन घेता, तसंच. लघवीच्या नळीत आम्लाचा अंश राहिलेला असतो आणि शुक्रपेशींना आम्ल सोसत नाही. हा पारदर्शक, चिकट थेंब ते आम्ल मारतो आणि नळी ओली करतो. लग्न ठरलेला मुलगा होणाऱ्या बायकोशी बोलतोय आणि लाइन फ्लश होतेय, यात औषध देण्यासारखं मला काही दिसत नाही. फक्त एक लक्षात ठेवा. या थेंबात शुक्रपेशी तयार होत नाहीत, पण काही पुरुषांत त्या सापडतात. मूल लगेच नको असेल तर 'ऐनवेळी बाहेर काढू' या हिशोबावर विसंबू नका.

स्वप्नात होतं का ते तुम्ही लिहिलं नाही. होत असेल तर तेही याच टाक्यांचं रिकामं होणं आहे.

परीक्षानळीच्या खेळाचा मला राग येतो. स्वच्छ लघवी तापवली की तिच्यातले फॉस्फेटचे क्षार सुटे होतात आणि ती दुधासारखी होते. धडधाकट माणसाच्या लघवीतही हे होतं. भुसावळ-जळगावच्या उन्हाळ्यात, पारा ४४-४५ वर असताना दिवसभर रानात राहून तांब्याभरच पाणी पोटात गेलं असेल तर लघवी घट्ट होते आणि मग असे क्षार तापवल्याशिवायही कधी कधी दिसतात. त्याच नळीत व्हिनेगरचे दोन-तीन थेंब टाकले असते तर लघवी तुमच्या डोळ्यांदेखत पुन्हा नितळ झाली असती. मी हे रुग्णासमोर करून दाखवतो. ओपीडीत एक स्पिरिटचा दिवा त्यासाठीच ठेवलाय. एका चोपड्याच्या मुलाने ते बघून इतकंच विचारलं, "मग माझे पैसे?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. थेंब टाकल्यावरही पांढरेपणा गेला नाही तर मात्र ती प्रथिनं असू शकतात आणि मग किडनी तपासावी लागते. म्हणून लघवीची साधी तपासणी एकदा लॅबमध्ये करून घ्या.

वीर्य पातळ होण्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त घाबरवणारी गोष्ट हीच असते आणि सगळ्यात सुंदर गोष्टही हीच आहे. वीर्य बाहेर पडतं तेव्हा सगळं एकदम, एकजीव येत नाही. आधी प्रोस्टेटचा द्रव आणि त्यासोबत बहुतेक शुक्रपेशी, नंतर शुक्राशयांचा वाटा. शुक्राशयांच्या द्रवात एक प्रथिन असतं, त्याने काही क्षणांत सगळ्याचं दही लागतं. कधी साबुदाण्यासारख्या गाठी दिसतात, त्या याच. मग प्रोस्टेटचं काम सुरू होतं. तिच्या द्रवात पीएसए नावाचं एन्झाइम असतं, ते त्या दह्याचं जाळं कापत जातं. पंधरा ते तीस मिनिटांत, फार तर तासाभरात, वीर्य पाण्यासारखं होतं. व्हायलाच हवं. नाही झालं तर आम्ही रिपोर्टवर तशी नोंद करतो, कारण घट्ट जाळ्यात शुक्रपेशींना पोहता येत नाही.

मागे एक मुलगा हीच तक्रार घेऊन आला होता. त्याला लॅबमध्येच नमुना द्यायला सांगितलं आणि टेक्निशियनकडून ती पारदर्शक डबी मागवून टेबलावरच्या दिव्याखाली ठेवली. सुरुवातीला डबी तिरकी केली तरी गोळा जागचा हलत नव्हता, राखाडी-पांढरा, कडेला जरा चमकणारा. मी पुढचे दोन रुग्ण पाहिले, तो कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून डबीकडे बघत होता. वीस मिनिटांनी डबी तिरकी केली तर द्रव सरळ वाहून कडेला आला. तो म्हणाला, "घरी मी नंतर बघायचो. कपडा धुवायला घेतला की." तीन वर्षं तो अर्ध्या तासानंतरचं वीर्य बघून पातळ ठरवत होता. तुम्ही कधी बघता, ते आठवा.

याशिवाय रोज-दोन रोज होत असेल तर टाकी भरायला वेळ मिळत नाही, प्रमाण कमी आणि द्रव पातळ दिसतो. आठ-दहा दिवसांनी झालं तर घट्ट आणि जरा पिवळट. रंगावरून, जाडीवरून मूल होण्याची क्षमता कळत नाही. ती सूक्ष्मदर्शकाखालीच कळते.

आता 'ताकद जाते' याबद्दल. चाळीस थेंब रक्ताचा एक थेंब वीर्य, हे तुम्हाला कुणी ना कुणी सांगितलेलं असणार. एका वेळच्या वीर्याचा हिशोब असा: तीनेक मिलिलिटर द्रव, त्यातलं बहुतेक पाणी, दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास प्रथिनं, आठेक मिलिग्रॅम फ्रुक्टोज साखर. ही साखर शुक्राशयं पुरवतात, शुक्रपेशींची वाटेतली शिदोरी म्हणा. शिवाय प्रोस्टेटचं थोडं झिंक आणि सायट्रिक आम्ल. प्रथिनं मोजली तर एक-दोन शेंगदाणे. आणि आयुर्वेदाच्या नावावर ही भीती खपवली जाते ते मला पटत नाही. माझा एक वैद्य मित्र आहे, अमळनेरला बसतो. तो सांगतो की चरकसंहितेत शुक्र उसातल्या रसासारखं, तिळातल्या तेलासारखं सगळ्या शरीरात भरलेलं मानलंय. उसाच्या एका पेराला ओरखडा गेला म्हणून सगळ्या फडाचा रस सांडत नाही. त्याच्याकडेही असे मुलगे येतात, तोही त्यांना आधी पोट साफ करायला सांगतो.

या भीतीला वैद्यकात नाव आहे, 'धात सिंड्रोम'. मनोविकारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये ते दिलं. नाव आहे म्हणजे तुम्ही वेडे आहात असं नव्हे. नाव आहे कारण आपल्याकडे लाखो मुलगे हेच भोगतात. थकवा खोटा नसतो. तीन वर्षं रोज सकाळी संडासात खाली वाकून बघणारा माणूस थकणारच. झोप गेली की कंबर दुखते, छाती धडधडते, कामात लक्ष लागत नाही. मग तो म्हणतो, बघा, धातू गेल्याचा परिणाम. चक्र तिथे फिरतं.

इथे माझी एक चूक सांगतो. प्रॅक्टिसच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी अशाच एका मुलाच्या द्रवात मला थोड्या पूपेशी दिसल्या आणि मी "प्रोस्टेटला सूज आहे" म्हणून सहा आठवडे अँटिबायोटिक दिलं. ना जळजळ, ना दुखणं, ना ताप, तरी दिलं. तीन महिन्यांनी तो परत आला तो जुन्या भीतीसह आणि वर 'माझी प्रोस्टेट खराब आहे' ही नवी भीती घेऊन. तिची पावती माझ्याच लेटरहेडवर होती. त्या दिवसापासून लक्षणं नसताना नुसत्या पेशींवर औषध लिहीत नाही.

डॉक्टरकडे लगेच जावं असं काय असतं? पिवळा पू येणं आणि लघवीला आग, विशेषतः बाहेर संबंध आला असेल तर. तो संसर्ग असतो आणि त्याला नेमकं औषध लागतं, जोडीदारालाही. वीर्यात रक्त: तरुणांत बहुधा साधं कारण निघतं, पण आपल्या देशात क्षयाची शंका ठेवावी लागते, पुन्हा पुन्हा येत असेल तर दुर्लक्ष नको. थंडी वाजून ताप, वृषण आणि गुदद्वार यांच्यामध्ये ठसठस, लघवी अडणं. वृषणात कडक गाठ. आणि वीर्य मुळातच फार कमी येणं, अर्धा-एक मिलिलिटर. काही मुलांत शुक्रवाहिनी जन्मतःच नसते, सोबत शुक्राशयही तयार झालेलं नसतं. त्यांच्या वीर्यात फ्रुक्टोज सापडत नाही आणि ते अल्कलीऐवजी आम्लधर्मी असतं. तिथे पुड्या नव्हे, नीट तपास लागतो. तुमच्या लिहिण्यात यातलं काही मला दिसलं नाही.

लग्नाआधी वीर्यतपासणी करावी का? वैद्यकीय गरज नाही. पण तुमची भीती इतकी मुरलेली आहे की कागदावर आकडा दिसल्याशिवाय झोप येणार नाही असं वाटत असेल तर एकदा करा, एकदाच. दोन ते सात दिवसांचं अंतर ठेवून, शक्यतो लॅबमध्येच नमुना द्या. घरून न्यायचा तर तासाभरात, शर्टाच्या आतल्या खिशात. मोटारसायकलच्या डिकीत ठेवू नका. मे महिन्यात डिकीत तापलेला नमुना आणून 'सगळे मेलेले' असा रिपोर्ट घेतलेले दोन जण मी पाहिलेत, दोघेही आज बाप आहेत. रिपोर्टवर जागतिक आरोग्य संघटनेचे २०२१ चे खालच्या मर्यादेचे आकडे असे बघा: प्रमाण १.४ मिलिलिटर, दर मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्रपेशी, एकूण हालचाल ४२ टक्के. याच्या जरा खाली आलं म्हणजे मूल होणार नाही, असंही नसतं. नव्या शुक्रपेशी तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात. त्यामुळे मागच्या महिन्यात डेंग्यू किंवा टायफॉइडचा ताप होऊन गेला असेल तर आकडे पडलेले दिसतात, मग तीन महिन्यांनी पुन्हा बघायचं.

थकव्यासाठी मी आधी हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, बी-१२ एवढंच बघेन. शाकाहारी घरात बी-१२ कमी निघणं मला रोजचं आहे. झोप आणि धास्ती महिनाभरात सुधारली नाही तर मानसोपचारतज्ज्ञाची दोन-तीन सत्रं घ्या. लाजायचं काही नाही.

आणखी एक तुम्ही लिहिलंय, "वडिलांनाही प्रोस्टेट आहे, मला तीच सुरुवात तर नाही?" प्रोस्टेट प्रत्येक पुरुषाला असते, भाऊ. वडिलांची ती वाढली असेल. वयानुसार तिचा लघवीच्या नळीभोवतीचा भाग फुगतो, धार बारीक होते, रात्री उठावं लागतं. पन्नाशीनंतरची गोष्ट ती, २६ व्या वर्षी जोर लावल्यावर येणाऱ्या तारेशी तिचा संबंध नाही. त्यांना गोळी चालू असेल आणि वीर्य येत नाही अशी तक्रार असेल तर काही गोळ्यांनी तसं होतं, त्यांच्या डॉक्टरांना सांगा. त्यांचा पीएसएचा रिपोर्ट वाढलेला असेल तरी लगेच कॅन्सर समजू नका. तेच एन्झाइम रक्तात मोजलेलं असतं. ग्रंथी वाढली किंवा सुजली तरी आकडा चढतो. पण दाखवणं टाळू नका.

पुड्या आजपासून बंद. अशा बिनलेबलच्या पुड्या महिनोन्महिने घेऊन लिव्हरचे रिपोर्ट बिघडलेले मुलगे माझ्याकडे आलेत. काहींचा चेहरा सुजून गोल झालेला असतो, तेव्हा मला स्टिरॉइडची शंका येते. तुमचा चेहरा गेल्या काही महिन्यांत गोल झालाय किंवा वजन एकदम वाढलंय का? तसं असेल तर एका फटक्यात थांबवू नका, आधी जवळच्या एमडी डॉक्टरला दाखवा. जाताना उरलेली पुडी सोबत न्या, कागदावर काही लिहिलेलं नसलं तरी.